एका बाजूनं भरलेली खुर्जी

मोताळ्याहून जानेफळला सायकलनं कोणी जात नाही. आताही जात नाही आणि मी गेलो तेव्हाही जात नव्हतं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन दिवाळ्या झाल्या असतील. यष्टी होती, पण आमच्या बाबांचा हुकूम होता की त्या गावाचं तिकीट या घरातलं कोणी काढायचं नाही. माय म्हणाली, सायकलले तिकीट लागत नाही. झालं, माझा प्रवास ठरला.

त्या गावात माझी मोठी बहीण दिली होती, गोदाक्का. लग्न आमच्या दारात झालं. जानेफळहून वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं, घाट उतरून, चांगला दोन दिवसांचा रस्ता तुडवत. माणसांना लाडू-बुंदी मिळाली, पण गाड्यांचे बैल दुपार कलली तरी वैरणीविना उभे. अक्काचे सासरे तुळशीरामजी, त्यांचा जीव बैलांत. भर पंगतीत ते बाबांजवळ आले आणि बैलांचं काय म्हणून विचारलं. बाबा सकाळपासून राबून वैतागलेले. सगळ्यांच्या देखत बोलून गेले, "आमच्याकडं बैलांची पंगत बसवायची रीत नाही." लोक हसले. तुळशीरामजी हसले नाहीत. त्यांनी गाड्या जुंपल्या, नवरी बसवली आणि हळद निघायच्या आत वऱ्हाड माघारी गेलं. त्यानंतर ना मांडवपरतणी, ना नागपंचमी, ना दिवाळी. दोन वर्षं अक्का माहेरी आली नाही, आमच्याकडून कोणी आणायला गेलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच्या बाजारात मेहकरकडच्या एका बांगडीवालीनं मायला सांगितलं की तुमची गोदा दिवसांत आहे, सातवा लागला. माय बाजारातून भाजी न घेताच परत आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कोणाला सांगायला नको. पण आणायला गेल्याशिवाय ते धाडणार नाहीत आणि बोलावल्याशिवाय बाबा जाणार नाहीत. मधल्या मधे लेकरू कुठं व्हायचं? रात्री माय चुलीपुढं बसून मला म्हणाली, "तू भाऊबीजेले जाय. भावाले कोणी अडवत नाही. तिले आणता आलं त आण, नाही त निदान दार उघडून ये."

आता मी नुकताच शाळामास्तर झालेलो, सायकल नवी, अंगात मस्ती. दार उघडण्यापेक्षा मला काळजी पडली ती सामान कशात न्यायचं याची. माणूस पहिल्यांदा लांब निघाला की असंच होतं, पोचायचं कुठं हे राहतं बाजूला आणि पिशवीवरून जीव जातो. आधी घरातली पत्र्याची पेटी कॅरियरला बांधून पाहिली. वेशीपर्यंत गेलो तर असा खडखडाट, की कुत्री मागं लागली. आतल्या चकल्या उघडून पाहिल्या, त्यांचा चुरा. मग हँडलला दोन पिशव्या टांगल्या. वळण घेताना गुडघा पिशवीला लागे आणि हँडल भलतीकडंच जाई. शाळेतल्या एका सोबत्याकडं मिलिटरीतली पाठीवरची पिशवी होती, खाकी, पितळी कड्यांची. ती घालून आरशात पाहिलं, फार रुबाबदार दिसत होतो. मायनं एकदाच पाहिलं. पट्टे चामड्याचे. लेकीचा दिवाळीचा फराळ चामड्यात जायचा नाही म्हणाली. रुबाब खुंटीला टांगला.

शेवटी गुरुवारच्या बाजारात मला पाहिजे होती ती वस्तू सापडली. खुर्जी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दोन मोठ्या पिशव्या मधल्या रुंद पट्ट्यानं जोडलेल्या असतात. घोड्याच्या पाठीवर टाकली की एक पिशवी इकडं लोंबते, एक तिकडं. फिरते व्यापारी तट्टावर टाकत. जाड दोसुती कापड, काठाला काळी-लाल शिवण. कॅरियरवर टाकून पाहिली तर काय सांगू, जणू माझ्या सायकलसाठीच शिवली होती. वजन चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली, तोल एकदम बरोबर. मी बाजारातून घरापर्यंत हात सोडून सायकल चालवत आलो.

मायनं खुर्जी हातात घेतली, एका पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि तिचं तोंड उतरलं. "एवढी मोठी काऊन आणली रे? थैला नेणाराच्या पाठीवर मोजत नसतात. भरणाराच्या कणगीवर मोजतात."

मला तेव्हा हे काही शिरलं नाही. आमच्याकडं सोयऱ्याच्या घरून भांडं किंवा पिशवी रिकामी परत येत नाही, हे मलाही माहीत होतं. वाटीभर साखर आली तर वाटीत मूठभर दाणे घालून परत द्यायची. पिशवी रिकामी आली याचा अर्थ एकच, आता येणं-जाणं नको. पण मी विचार करत होतो तोलाचा. आणि बाजार पुन्हा भरायला आठवडा होता, सण तोंडावर. मायनं मग तीच भरायला घेतली. एका बाजूला फराळाचे डबे आणि अक्काचं लुगडं गेलं, दुसऱ्या बाजूला माझे कपडे, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान आणि दशम्या.

बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पाडव्याच्या पहाटे मी सायकल बाहेर काढली तेव्हा ते ओसरीवर दात घासत होते. खुर्जीकडं पाहून म्हणाले, त्यांच्या बैलांसाठी करंज्या घेतल्या ना? मी मान खाली घालून निघालो.

राजूरचा घाट

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत, घाटाखाली आणि घाटावर. सरकारी नकाशात ते दिसत नाहीत, पण सोयरीक जुळवताना हटकून दिसतात. घाटाखाली काळी जमीन, कपाशी, ऊन आणि खानदेशाचं वारं. घाटावर हवा थंड, माणसं थोडी कमी बोलणारी, असं आम्ही म्हणतो. ते आमच्याबद्दल काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

राजूरपर्यंत मी गाणं म्हणत गेलो. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली, तुरीला पिवळा फुलोरा, अंगावर गार वारा. मग घाट लागला आणि गाणं बंद झालं. निम्म्यावर उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. खुर्जीचा पहिला अवगुण तिथं कळला. चालत ढकलताना डाव्या पिशवीचा कोपरा पोटरीला घासतो. दुसरा अवगुण पुढच्या वळणावर कळला. पिशवीचा बंद सुटून चेनमध्ये गेला आणि सायकल जागीच ठप्प. तासभर मी त्या घाटात मांडी घालून बसलो, हात कोपरापर्यंत काळे. वरून सागवानाचा ट्रक आला, ड्रायव्हरनं गाडी हळू केली, मान बाहेर काढून माझी अवस्था नीट पाहिली आणि निघून गेला. बंद सोडवला, पण दोसुतीवर ग्रीसचा पंज्याएवढा डाग पडला. नव्या वस्तूला पहिला डाग पडला की मन किती खट्टू होतं.

वर आल्यावर मात्र सगळं विसरलो. बुलढाण्याची ती हवा! घामेजलेल्या अंगाला ती लागली आणि मला एकदम अक्का आठवली. लहानपणी ताप आला की ती कपाळावर ओला पदर ठेवायची, तसं वाटलं. दोन वर्षं मी तिला विसरलो नव्हतो, पण आठवण अशी पोटातून आली नव्हती. तिथं झाडाखाली दशमी खाताना मला रडू आलं. कोणी पाहत नव्हतं.

चिखलीच्या अलीकडं आणि पलीकडं

खुर्जी घेऊन सायकलवर जाणारा माणूस म्हणजे कोण, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. एका खेड्यात बायांनी लेकरं ओढून दारं लावून घेतली. देवी टोचणारा आला म्हणून ओरड झाली होती. मी कितीही सांगितलं की मी मास्तर आहे, तर आतून आवाज आला की मागचाही आधी असंच म्हणाला होता. पुढच्या गावात मला कापडवाला समजून खण दाखवा म्हणाले. आणि चिखलीच्या वेशीवर एक म्हातारा पारावर बसला होता. त्यानं खुर्जी पाहिली, सायकल पाहिली, मला पाहिलं आणि फार काळजीनं विचारलं, "खुर्जी त आली बाप्पा, घोडा कुठी मेला?"

रात्री चिखलीला आमच्या हेडमास्तरांच्या मेहुण्याकडं उतरलो. त्यांनी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार असं वाढलं. आमच्याकडं सणाला पाहुण्याला गोड खाऊ घालून मारतात. इथं तिखट खाऊ घालून मारण्याची रीत दिसली. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवलो. मेहुणे भला माणूस. कुठं चाललो ते कळल्यावर त्यांनीही खुर्जीकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाले की दिवाळीत कणग्यांचा तळ लागलेला असतो. ज्वारी अजून शेतात, गेल्या सालची सरत आलेली. तेव्हा कुठं मायचं बोलणं माझ्या डोक्यात उतरलं आणि झोप उडाली. एवढ्या दोन तोंडांचा थैला घेऊन मी रुसलेल्या व्याह्याच्या दारात निघालो होतो. त्यानं भरला तर त्याची ओढाताण. नाही भरला तर अक्काचं माहेर कायमचं तुटलं. सकाळी मी मेहुण्यांकडं लहान पिशवी मागितलीही, पण तिच्यात डबे मावेनात.

चिखलीपुढं मेहकरची सडक धरली. चढ-उतार, दोहो बाजूंना ज्वारीची कणसं, मध्येच पळसाची झाडं. दुपारी सडक सोडून गाडीवाटेला लागलो. चाकोरी इतकी खोल की खुर्जीच्या दोन्ही पिशव्या कडेच्या मातीला घासत होत्या. रस्ता सुंदर होता, खोटं कशाला बोलू, पण मला तो संपूच नये असं वाटत होतं.

जानेफळ

तुळशीरामजी गोठ्यापाशी बैलांच्या शिंगांना तेल लावत होते. पांढरे शुभ्र, उंच बैल. मी वाकून पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या मागं पाहिलं. मग बैलाच्या शिंगावरचा हात न काढता विचारलं, दोन्हीकून मिळून किती पायल्या मावतात? मी म्हटलं, मोजलं नाही मामाजी. ते म्हणाले, तुह्या बापानं मोजलं असंल.

अक्का आतून आली. पोट दिसत होतं, चेहरा भरला होता, हातात पाण्याचा तांब्या. मला पाहून हसली आणि तेवढ्यात तिची नजर सायकलवर गेली. ते हसू कसं मावळलं ते मी आजही विसरलो नाही. पाणी देता देता हळूच म्हणाली, "मायनं सांगतलं नाही का रे तुले?" मी म्हटलं, सांगितलं होतं. 

संध्याकाळी भाऊबीज झाली. तिची सासू मोठी शांत बाई, तिनंच पाट मांडला, रांगोळी काढली. अक्कानं ओवाळलं. मी तबकात लुगडं ठेवलं. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, माझ्याशी शेतीपाण्याचं, शाळेचं बोलत होते, पण बापासमोर मूळ विषय काढायची त्यांची छाती नव्हती. माझी तरी कुठं होती? फराळाचं ताट तुळशीरामजींपुढं ठेवलं. त्यांनी एक चकली मोडली, खाल्ली. वाईट नाही म्हणाले आणि उठले.

गोठ्याशी ते एकटे बसले होते. मी हिय्या करून गेलो. त्यांनी सरळच विचारलं, "ही खुर्जी तुह्या बापानं धाडली काय? आमची कणगी पाहाले?"

मी म्हटलं, "नाही मामाजी. बाबाले मी इथं आलो हेही कोणी सांगतलं नाही. मी माह्या मनानं आणली. सायकलले दोन्हीकून वजन सारखं लागते. एकीकडं टाकलं का पडते."

 ते उठले, ओसरीवर ठेवलेली खुर्जी हातात घेतली, मधला पट्टा दोन बोटांवर तोलून पाहिला. बैलाच्या खांद्यावर जू कसं बसलंय ते पाहावं तसं पाहत होते. ग्रीसचा डाग अंगठ्यानं घासला. घाटातला का, म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी खुर्जी होती तिथं ठेवली आणि झोपायला गेले.

सकाळी मी तोंड धुऊन आलो तर खुर्जी दारात. दोन्ही पिशव्या चपट्या.  अक्का दाराच्या आड उभी, सासूबाई चुलीशी. मी कपडे आणि सामान वेगळ्या फडक्यात बांधलं, कारण त्या खुर्जीत काही टाकायची हिंमत होईना. सायकलला हात घातला तेवढ्यात तुळशीरामजी आतून आले. खांद्यावर नव्या मुगाची गोणी. खरिपातला मूग तेवढा घरात आलेला होता. त्यांनी खुर्जी कॅरियरवर टाकली आणि उजवी पिशवी स्वतःच्या हातानं काठोकाठ भरली. बंद आवळला. डावीला हात लावला नाही.

"ही बाजू रिकामीच नेय," ते म्हणाले. "बापाले सांगजो, माह्या बैलाच्या पंगतीचं आवतन हाये. तो आला का त्याच्यासमोर भरीन. आन परत जाताना पोरीले घेऊन जाय म्हणा. बाळंतपणाले पोरगी मायजवळच बरी."

दाराआडून अक्काचा हुंदका ऐकू आला. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला उठवलं आणि सायकल डावीकडं जोर देऊन चालव म्हणाले.

परतीची वाट

उजवीकडं मण-अर्धा मण मूग आणि डावीकडं फडफडणारं कापड. असं वाहन माणसानं चालवू नये. सायकल सारखी उजवीकडं झुके, मी डावीकडं कलून बसे, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटत असणार की हा माणूस सकाळी सकाळीच घेऊन आलाय. चिखलीच्या आधी एकदा आपटलो, गुडघा फुटला. मूग सांडला नाही, बंद पक्का होता. वाटेत जो भेटे तो एकच सल्ला देई की बाप्पा, दुसऱ्या पिशवीत एखादा धोंडा टाक. पारावरच्या एकानं तर धोंडा उचलून आणलाही. मी हात जोडले. धोंडा टाकला असता तर बाबांना दिसलं काय असतं? ती पिशवी रिकामीच दिसायला पाहिजे होती. माझं फडकंसुद्धा मी तिच्यात ठेवलं नाही, पाठीला बांधलं.

घाट उतरताना जीव मुठीत. दोन्ही ब्रेक दाबून, एक पाय जमिनीला घासत मी राजूरला उतरलो, चपलेचा तळ निघून गेला. पण मन असं हलकं, की वेड लागल्यासारखा एकटाच हसत होतो. इतक्या वर्षांत मी पुष्कळ हिंडलो, आगगाडीनं, मोटारीनं, एकदा विमानानंही. त्या उतारावर होतो तसा आनंदात मी पुन्हा कधी प्रवास केला नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर. त्यांनी वाकडी सायकल पाहिली, फुटका गुडघा पाहिला. "एवढ्या दुरून असा आला? दुसरीकडं धोंडा तरी टाकाचा," म्हणाले. मी जसाच्या तसा निरोप सांगितला, बैलांच्या पंगतीसकट. माय दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी भरल्या पिशवीचा बंद सोडला नाही. रिकाम्या पिशवीत हात घातला आणि तसाच राहू दिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग म्हणाले की लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही चालत नाही, जाऊन बसायचं कुठं आणि खायचं काय?

माय म्हणाली, "पाणी घरून न्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं बाबा गेले. मायनं मूग डब्यात ओतून घेऊन खुर्जी झटकून दिली होती. खांद्यावर ती, हातात घरच्या पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या, डोक्यावर धुतलेली टोपी, आणि एका कागदात बैलांच्या शिंगांना बांधायचे लाल गोंडे. ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः घेतले. तिथं काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. बाबांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यष्टी थांबली. आधी बाबा उतरले, मग त्यांचा हात धरून हळूहळू अक्का. बाबांच्या खांद्यावर खुर्जी, दोन्ही बाजूंनी टच्च. माय रस्त्यातच तिच्या गळ्यात पडली आणि दोघी रडू लागल्या. बाबा म्हणाले, अगं, आधी घरात तर घ्या, लोक पाहून राह्यले. त्यांचाच आवाज सगळ्यांत जास्त कापत होता. त्या रात्री चूल उशिरापर्यंत पेटलेली, अक्का बोलतेय, माय तिचे पाय चेपतेय. दोन्ही तोंडं बांधलेली खुर्जी ओसरीवरच पडून राहिली. तुळशीरामजींनी तिच्यात काय काय भरलं होतं ते पाहायची कोणाला आठवणच झाली नाही.